‘सगळ्यासाठी धन्यवाद’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी कृतज्ञतेच्या डायरीविषयी मजकूर आला होता. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहाव्यात, मन हलके होते, झोप लागते, असा सल्ला होता. सल्ला वाईट नाही. पण ख्रिस्ती घरांत याच कामाची जुनी, बांधीव रीत आहे, ती म्हणजे रोजची घरगुती उपासना, आणि आभार कोणाचे मानायचे हे तिच्यात ठरलेले आहे. विदर्भातल्या खेड्यांत मंडळी (म्हणजे चर्च) कोणत्याही पंथाची, अलायन्सची असो, फ्री मेथॉडिस्ट असो, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो की कॅथलिक, रविवारी ही रीत शिकवली जाते. घरात मात्र ती टिकत नाही.

पहिली अडचण वेळेची. पहाटे अर्धा तास बायबल आणि प्रार्थनेसाठी ‘शांत वेळ’ काढा, असे शिबिरांत सांगतात. पाळकांना आणि पगारदारांना ते जमते. वेचणीच्या दिवसांत बाई अंधारात उठून पाणी भरते, स्वयंपाक उरकते, शिदोरी बांधून वावर गाठते. गडी रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे आडवा होतो. अशा घरात अर्ध्या तासाचा नेम चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी मोडतो. मग मोडल्याची टोचणी इतकी लागते की बायबल उघडायचीच लाज वाटते. बायबलातला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकून उपकारस्तुती करत असे (दानीएल 6:10), पण दर वेळी किती मिनिटे, हे शास्त्रात दिलेले नाही.

खेड्यातल्या घराला मानवते ती संध्याकाळ, आणि तीही जेवणाआधी. शेवटची भाकर तव्यावरून उतरली की ताटे वाढण्याआधी सगळ्यांनी बसायचे. जेवणानंतर ठेवलेली उपासना बुडालीच समजा. पोरे पेंगतात आणि बापाला मोटर सुरू करायला नाहीतर पानठेल्यावर जायचे असते. भूक लागलेली असली की प्रार्थना आपोआप आटोपशीर होते, हाही फायदाच. बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. गीताची दोन कडवी तीन मिनिटांत होतात, वाचन तीन-चार मिनिटांत. प्रत्येकाचे आभार आणि एक-दोन विनंत्या मिळून पाच-सहा मिनिटे, शेवटी येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’. ती सावकाश म्हटली तरी पाऊण मिनिट लागत नाही. वेळ आणि क्रम रोज तोच ठेवावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडे गावोगावी टिकली, त्यात ठरलेल्या वेळेचा आणि ठरलेल्या क्रमाचा वाटा मोठा आहे. ते शेजाऱ्याकडून घ्यायला हरकत नसावी.

गीतासाठी कीबोर्ड लागत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने टाळ आणि खंजिरीवर उत्तम चालतात, घरातल्या आजीला ती पाठही असतात. मोबाईलवर गाणे लावून सगळ्यांनी ऐकत बसायची नवी पद्धत निघाली आहे, ती मला पसंत नाही. तोंड बंद राहते, आणि मधेच कोणाचा तरी फोन येतो.

वाचनाचा हिशोब सोपा आहे. बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राचे) अध्याय 16. रोज अर्धा वाचला तर महिनाभरात पुस्तक संपते. बायबलातली स्तोत्रे 150 आहेत. 119व्या स्तोत्रात 176 वचने आहेत, ते आठ-आठ वचनांच्या 22 भागांत आपसूक तुटते. बाकीची रोज एक घेतली तर सगळी मिळून 171 दिवस, म्हणजे पेरणीला सुरू केलेले वाचन कापूस घरात येईपर्यंत पुरते. घरात वाचता न येणारी माणसे असतील तर 136वे स्तोत्र महिन्यातून एकदा तरी घ्यावे. एकाने वचनाचा पहिला भाग वाचायचा आणि ‘त्याची दया सनातन आहे’ हे बाकीच्यांनी म्हणायचे. पाचव्या-सहाव्या वचनापर्यंत लहान पोरेही म्हणू लागतात.

हे स्तोत्र नीट पाहिले तर आभार कसे मानायचे याचा नमुनाच हाती येतो. त्यात 26 वचने आहेत, पण ‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद’ असे ते कुठेही म्हणत नाही. सूर्य दिवसासाठी, चंद्र आणि तारे रात्रीसाठी, तांबडा समुद्र, सीहोन राजा, ओग राजा अशी एकेक गोष्ट नावानिशी घेत ते शेवटी सर्व प्राण्यांना मिळणाऱ्या अन्नापाशी येते. घरातही नियम असाच हवा. आजच्या दिवसातली एक गोष्ट, तिच्यातल्या माणसाचे नाव, आणि त्या माणसाला त्यासाठी काय करावे लागले ते. ‘आरोग्यासाठी, अन्नासाठी, घरासाठी धन्यवाद’ ही ओळ दुसऱ्या आठवड्यापासून नुसती जिभेवरून जाते. ‘शेजारच्या काकूंनी तापलेल्या पोराला दिवसभर सांभाळलं, त्यांची आजची मजुरी बुडाली’ हे म्हणायला दिवस आठवावा लागतो. आणि ते देवाला सांगून झाले की सकाळी काकूंनाही सांगायचे. जमले तर बुडालेली मजुरी द्यायची. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, परका (लूक 17). तो चालत परत आला होता. प्रेषित पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 16व्या अध्यायात माणसांची नावे घेतली आहेत. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, असे सांगून तो त्यांचे आभार मानतो.

पोरांच्या आभारांना दुरुस्ती करू नये. पाच वर्षांची पोर बकरीच्या पिलासाठी आभार मानत असेल तर ते पूर्ण आभार आहेत. ‘येशूसाठी म्हण ना’ असे मोठ्यांनी टोकले की दुसऱ्या दिवसापासून ती मोठ्यांना आवडेल तेच बोलते.

घरगुती उपासना मोडते ती बहुधा मोठ्यांमुळेच. एक तर घरचा कर्ता एकटाच दहा-बारा मिनिटे प्रार्थना करतो, त्यात पंतप्रधानांपासून परदेशातल्या मिशनऱ्यांपर्यंत सगळे येतात आणि भाकरी गार होतात. अन्यजातींसारखी (म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांसारखी) व्यर्थ बडबड करू नका, हे प्रभूने प्रार्थना शिकवण्याआधीच सांगून ठेवले आहे (मत्तय 6:7). दुसरे यापेक्षा वाईट. डोळे मिटून टोमणे मारले जातात. ‘प्रभू, या घरातल्या काहींना नम्रता दे’ म्हटले की सुनेला नेमके कळते, आणि तिला उत्तरही देता येत नाही, कारण प्रार्थना चालू आहे. यावर एकच कडक नियम: पापांगीकार, म्हणजे चुकांची कबुली, ‘मी’पासून सुरू करायचा आणि ‘मी’वर संपवायचा.

एकट्याने प्रार्थना करणाऱ्याला ‘खोलीत जा, दार लाव’ हे वचन अडचणीचे वाटते, कारण घरच एका खोलीचे. पण प्रभू स्वतः पहाटे उठून अरण्यात जात असे (मार्क 1:35). वावराचा धुरा (बांध) त्यासाठी पुरेसा आहे. 1535 साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने आपल्या न्हाव्याला प्रार्थनेची रीत लिहून दिली, ती धुऱ्यावर बसूनही करता येते. एक वचन घ्यायचे आणि चार गोष्टी विचारायच्या: यात मला काय शिकवले, कशासाठी आभार मानू, कुठे चुकलो, काय मागू. मन भरकटते त्यावर त्याने न्हाव्याचेच उदाहरण दिले. वस्तऱ्यावर लक्ष नसेल तर गिऱ्हाइकाचे नाक कापले जाते. कॅथलिक घरांत संत इग्नाशियसची रात्रीच्या आढाव्याची पद्धत आहे, तिच्यातही पहिली पायरी आभारांची आणि पापांची उजळणी त्यानंतर. हा क्रम उलटू नये. चुकांपासून सुरुवात केली की माणूस लपवाछपवी करू लागतो.

मजुरांच्या घोळक्यात दुपारी शिदोरी सोडताना मोठ्याने प्रार्थना करायची गरज नाही. दोन श्वास थांबले तरी झाले. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (8:10) तर खाऊन तृप्त झाल्यावर धन्यवाद करायला सांगितले आहे. त्यामुळे घरी जेवण झाल्यावर स्वयंपाक करणारीचे नाव घेऊन एक वाक्य जरूर म्हणावे.

वही ठेवायची असेल तर शंभर पानी पुरते. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवीकडे पुढे काय झाले ते. उजवीकडे तीनच नोंदी: मिळाले, नाही, अजून. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरात वाचायची. ‘मिळाले’ तेवढेच वाचून साक्ष दिली जाते आणि ‘नाही’ची पाने उलटली जातात, हा नेहमीचा घोटाळा. ज्या घरातला रोगी प्रार्थनेनंतरही गेला, ते घर मग हळूहळू गप्प होते. ‘नाही’सुद्धा मोठ्याने वाचावे, त्यावर भाष्य करू नये. वहीत आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याचे दुखणे, कर्ज, मुलीची मोडलेली सोयरीक लिहिण्याआधी त्या माणसाला विचारावे. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून टाकलेली बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

आता आपल्या भागातला अवघड प्रश्न. पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, काढणीच्या तोंडावर पावसाने सोयाबीन काळे पडले, सोसायटीचे कर्ज थकले, अशा घराला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन ऐकवून निघून जाणे सोपे असते. ते करू नये. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातली शेवटाकडची वचने सगळ्यांना ठाऊक असतात: अंजिराला फुले नाहीत, शेतात अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. ती तिसऱ्या अध्यायात आहेत. पहिल्या अध्यायात तोच संदेष्टा देवाला जाब विचारतो, किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? पहिला अध्याय गाळून तिसरा म्हणायला लावणे म्हणजे माणसाचे तोंड दाबणे होय. अशा घरात 13वे स्तोत्र वाचावे. वचने सहाच आहेत. दोन तक्रारीची, दोन विनंतीची, शेवटची दोन भरवशाची. एखाद्याला पहिल्या दोन वचनांपुढे जाता आले नाही तर त्या दिवशी तिथेच आमेन म्हणावे. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते शास्त्रात आहे. पंचनाम्यासाठी अर्ज देणे, भाव पडला म्हणून मोर्चात जाणे यात अविश्वास नाही. आणि कोणी ‘आता मी नसलेलाच बरा’ असे बोलू लागला तर प्रार्थना करून उठून जाऊ नये. फवारणीची औषधे घरातून हलवावीत, त्याला एकटे सोडू नये, सरकारच्या टेलि-मानसला 14416 वर फोन लावून द्यावा.

आभार नुसते बोलून ठेवले की वाळतात, म्हणून मुठीची रीत धरावी. मिझोराममधल्या मंडळ्यांत दर स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, ही चाल शंभर वर्षांहून जुनी आहे. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण 40 ते 50 ग्रॅम ज्वारी मावते. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर महिन्याला अडीच ते तीन किलो, आणि दहा घरे मिळून एका कुटुंबाला महिना काढता येईल एवढे धान्य जमते. मूठ दळणाआधी काढावी, पीठ साठवू नये, ते लवकर खवट होते. डबा कोरडा हवा, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला. पावसाळ्यात महिन्याच्या वर ठेवले की सोंडे होतात, आणि सोंड्यांचे धान्य गरिबाला देणे म्हणजे त्याचा अपमान. कोणाला द्यायचे ते मंडळीतल्या दोघांनीच ठरवावे, त्यातली एक बाई असावी. नाव जाहीर करू नये.

हंगामाच्या सणाचेही तसेच. अनुवादाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना आपण कोण होतो, कुठून आलो, हे म्हणायचे असते, आणि लेवी (मंदिराचे सेवक) व परदेशी यांनाही त्या आनंदात घ्यायचे असते. आपल्याकडे बऱ्याच मंडळ्यांत टोपली येते, म्हणणे येत नाही. प्रत्येक घराने दोन मिनिटांत सांगावे: वावर कुठले, पेरले काय, निंदायला कोण होते, वेचायला कोण होते. भूमिहीन घरांकडे टोपली नसते, ती माणसे मागच्या बाकावर बसतात. त्यांचा विळा आणि वेचणीचे फडके टोपल्यांच्या शेजारी ठेवले गेले पाहिजे. वावराच्या कोपऱ्यातले पीक आणि सरवा गरिबांसाठी ठेवा, ही बायबलाच्या ‘लेवीय’ पुस्तकातली आज्ञा (19:9-10) आहे. थ्रेशर गेल्यावर सोयाबीनच्या शेंगा वेचायला आलेल्या बायांना हाकलून देणाऱ्याने टोपली आणताना ती एकदा वाचावी.

उपासनेनंतर भोपळा, कोंबडी, तुरीच्या शेंगा यांचा लिलाव होतो. उत्साहात भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर जाते, आणि ती बहुधा उधारीवर असते. पुढच्या महिन्यांत थकबाकीदारांची नावे वेदीवरून वाचली की तो माणूस मंडळीत यायचेच सोडतो. म्हणून बोली सुरू होण्याआधीच रोख की उधार ते जाहीर करावे. उधार असेल तर कापूस विकेपर्यंतची मुदत कागदावर लिहून घ्यावी आणि वसुलीला खजिनदाराने घरी जावे, एकट्याने, रविवार सोडून.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, जि. यवतमाळ