लाट मोबाइलवरून उतरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातील चित्रप्रदर्शनांत अलीकडे तैलरंगातील समुद्रचित्रे बरीच दिसू लागली आहेत. मात्र त्यांतील बहुतेक लाटा एकाच साच्यातल्या वाटतात: फिरोजी पाणी आणि त्यावर चाकूने थापलेला पांढराशुभ्र फेस. हा समुद्र कोकणचा नाही, मोबाइलवर पाहिलेल्या कुठल्या तरी बेटाचा आहे. आषाढात आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, मातकट असते आणि रत्नागिरीच्या मांडवीची वाळू तर काळी आहे. तिथे फिरोजी रंगाला वाव कुठे आहे, हे रंगवणाऱ्यालाच विचारावेसे वाटते.

किनाऱ्याकडे येताना तळ उथळ होत जातो, तशी लाटेची खालची बाजू मंदावते आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की माथा पुढे झेपावून कोसळतो. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलेले असते, त्याच्या चित्रात लाटेच्या पोटाला वजन येते. छायाचित्रात तो एकच क्षण गोठतो. शिवाय त्यात उन्हातला फेस पुष्कळदा इतका पांढराफटक पडतो, की त्यातल्या सावल्या उरतच नाहीत. प्रत्यक्षात फेसाचा सावलीतला भाग निळसर करडा, कधी जांभळटही दिसतो.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, याचा चित्रकाराला केवढा लाभ आहे! दुपार कलल्यावर सूर्य लाटेच्या पाठीमागे येतो, माथ्याजवळच्या पातळ पाण्यातून उजेड आरपार येतो आणि तेवढाच पट्टा हिरवट सोनेरी उजळतो. त्याच वेळी आपल्याकडे वळलेला फेस सावलीत असतो, म्हणून संध्याकाळच्या चित्रात ट्यूबमधला टिटॅनियम व्हाइट तसाच फासणे चूक ठरते. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि सगळा हिशेब उलटतो.

हा आरपार उजेड तैलरंगात साधायचा, तर आधी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर माथ्याचा पट्टा फिक्या रंगात उजळावा आणि तोही वाळला की त्यावर जवसाच्या तेलात कालवलेल्या व्हिरिडियन या हिरव्या रंगाचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, चढवावे. वरच्या थरात तेल अधिक असावे, नाहीतर पुढे तडे जातात. तैलरंग पाणी उडून नव्हे, तर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो, त्यामुळे कोल्हापूरच्या पावसाळ्यात घाई उपयोगाची नाही.

यावर कुणी रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचा दाखला देईल. ‘नववी लाट’ (1850) रंगवणारा हा चित्रकार समुद्रचित्रे स्मरणानेच रंगवीत असे आणि हलते पाणी जागेवर बसून पकडता येत नाही, असेच त्याचे मत होते. हे खरे आहे; पण त्याचा जन्म काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसियातला आणि आयुष्याचा मोठा काळही तिथेच गेला. स्मरणाने रंगवायला आधी स्मरणात काही साठलेले असावे लागते.

कोल्हापूरला तर जागेवर बसून पाहण्याची परंपराच आहे. येथील चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांचा परिसर रंगवला, तो त्या पाण्याच्या सान्निध्यात राहून. आंबा घाट उतरला की काही तासांत रत्नागिरी येते. म्हणून येथील कला महाविद्यालयांनी दिवाळीनंतर विद्यार्थ्यांचा किमान एक मुक्काम किनाऱ्यावर ठेवावा आणि पहिल्या दिवशी कॅनव्हास उघडूच देऊ नये. केवळ पेन्सिलने, फुटणाऱ्या लाटेची रेषा टिपत राहावे. प्रदर्शनाच्या आयोजकांनीही समुद्रचित्राशेजारी त्याची स्थळावर केलेली लहान रेखाटने मांडण्याची प्रथा सुरू करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक,
कोल्हापूर