सहाच्या चहातलं बिस्कीट

मडगाव, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि बाबांना सांगितलं की निम्मंच तिच्यापर्यंत पोचतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवा. मधे तुमच्याबद्दल थोडं आहे, ते गाळू नका.

आई, त्या दिवशी तू म्हणालीस, "पोराच्या बरगड्या मोजता येतात, उपाशी पाठवतेस त्याला बालवाडीत." मी रागाने फोन ठेवला, ते चुकलंच माझं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं ते सांगते. बाळूला मांडीत दाबून धरला आणि पोह्यांचा घास कोंबला तोंडात. त्याने तो गालात धरून ठेवला. स्कूटरवर, वाटभर. बालवाडीच्या दारात बाईंनी "आ कर बघू" म्हटलं, तर घास तसाच्या तसा, फुगलेला. बाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र तिथून पाय काढवेना.

थोरल्या चिंगीची अशी तक्रार कधीच नव्हती. पुढ्यात येईल ते खायची, आणि मला वाटायचं यात माझी हुशारी आहे. बाळूने ती मस्ती पुरती उतरवली.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. वाढीच्या तक्त्यावर त्याची रेघ खालच्या अंगाला आहे, पण सरळ वर चालली आहे, त्याची काळजी नको म्हणाले. पहिल्या वर्षात मूल तिप्पट वजनाचं होतं, नंतर वर्षाला दोनेक किलो, मग भूकही तेवढीच लागणार. पण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 10.2. पाच वर्षांखालच्या मुलाला निदान 11 हवं. मग विचारलं, दिवसभरात दूध किती पितो? मी बोटांवर मोजायला लागले: उठल्या उठल्या, बालवाडीतून आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. जवळजवळ लिटर! अर्ध्या लिटरच्या वर नको, म्हणाले. दुधात लोह जवळपास नसतंच, आणि पोट मात्र भरतं. मी आपली समजत होते, जेवत नाही तर नाही, दूध तरी जातंय पोटात. ते दूधच आडवं येत होतं.

लोहाचं औषध सुरू आहे. त्याने शी काळी होते. तिथे आल्यावर बघून घाबरू नका.

आता बाबा, तुमची पाळी. साखळीला तुमच्याकडे आलो की सकाळी सहा वाजता तो तुमच्या मांडीवर, बशीत चहा, चहात बिस्कीट. तुटून बशीत पडलं की दोघं मिळून चमच्याने काढता. मला ते बघायला किती आवडतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि गोड बिस्किटांवर साडेसातला भूक कुठून येणार? मांडी राहू द्या, चहा तेवढा तुमचा तुम्ही प्या. त्याला पेरूची फोड द्या. पेरूने उलट लोह अंगी लागायला मदत होते.

आणि आई, तू पाठवलेला पावडरीचा डबा मी उघडला नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं होतं. कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचं काही नाहीच. साखरेला एवढे पैसे कशाला घालवायचे?

आता घरी एकच नियम आहे. काय करायचं ते मी ठरवणार, किती खायचं ते तो. वीस मिनिटं ताट समोर, मग उचलायचं, ओरडायचं नाही. हे लिहिणं सोपं आहे. पहिले तीन दिवस त्याने पाव कुरतडून ठेवला आणि मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले, म्हणजे तोंडातून शब्द निघायला नको. तुमचे जावई म्हणाले, तू बाहेरच जा.

मग पोदेर, आपला पाववाला, कामी आला. त्याचा पोंऽऽ पोंऽऽ ऐकला की दोघं पैसे घेऊन गेटकडे पळतात. बाळू गरम पोई, तो कोंड्याचा पोकळ पाव, स्वतः निवडतो, त्यामुळे ती त्याची होते. तिच्या पोटात अळसांद्याची, म्हणजे चवळीची, पातळ भाजी भरायची, थोडी गळते, गळू दे. अर्धी खातो, कधी चतकोर. एखाद्या दिवशी नुसता वास घेतो. तीच भाजी आठदहा वेळा समोर आली की मग हात घालतात म्हणे. खरं असावं, कारण सहाव्यांदा त्याने घातला.

आणि एक आठवलं. आपल्या घरी तरी सकाळी साडेसातला पोटभर कोण खात होतं? दहाला उकड्या तांदळाची पेज असायची, खारातल्या आंब्याबरोबर. मग मी डब्याला पेजेच्या जागी धरलं. सकाळचं कमी झालं तर दहाचा डबा जरा भरीव. तेव्हापासून माझाच जीव थोडा थाऱ्यावर आला.

दूध कमी केलं, मग कॅल्शियमचं काय, हे तू विचारणारच. म्हणून तिझान, नाचणीची खीर. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मी पिठाची केली, खोबऱ्याचा रस आणि माडाचं गूळ घालून, तर गाठी गाठी झाल्या. बाळूने एकेक गाठ काढून ताटाच्या कडेला लावली आणि विचारलं, "आजीच्या तिझानीत दगड का नसतात?"

तू नाचणी भिजवून, वाटून, गाळून घेतेस ना? किती वेळ भिजवायची, रस कधी घालायचा, ते बाबांकडून लिहवून घे. साखळीच्या बाजारात माडाचं गूळ मिळालं तर दोन ढेपा ठेव, दिवाळीला येऊ तेव्हा घेऊन जाईन.

तुमची,
बाय