खांद्यावरून एक नजर

स्टुटगार्ट,
दि. 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही आत्याला घेऊन समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाणार असल्याचे आईने फोनवर सांगितले. मी वाहनपरीक्षेत नापास झाल्याचे तिने तुम्हाला सांगून टाकले आहे, हेही त्याच वेळी समजले. नागपुरात आठ वर्षे गाडी चालवलेली मुलगी जर्मनीत नापास कशी होते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते, म्हणून हे पत्र.

आपला परवाना येथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत शिकवणारे शेजारी बसतात, त्यांच्या पायाशी ब्रेकचे वेगळे पेडल असते आणि परीक्षक मागच्या सीटवर असतात. मला उजवीकडे वळायचे होते. (येथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे हे वळण म्हणजे आपले डावे वळण समजा.) इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, स्टिअरिंग फिरवले आणि गाडी जागीच थांबली, कारण ब्रेक शेजारच्या पायाने दाबला होता. शिकवणाऱ्यांच्या बाजूच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून एक सायकलवाल्या बाई सरळ निघून गेल्या. त्यांच्या मागच्या टोपलीत कांद्याची पात होती, एवढेच मला दिसले. परीक्षा तिथेच संपली.

आरशात न दिसणारा जो कोपरा असतो, तो मान वळवून खांद्यावरून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि येथे प्रत्येक वळणाआधी व लेन बदलण्याआधी ती नजर टाकलीच पाहिजे असा दंडक आहे. लॉ कॉलेज चौकात डावीकडे वळताना आपल्या डाव्या अंगाने किती स्कूटर घुसतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे आजवर काही झाले नाही, ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे, तर त्या स्कूटरवाल्यांनी वेळेवर ब्रेक लावले म्हणून, असे आता वाटते. येथील माणसे आपल्यापेक्षा सज्जन आहेत असेही नाही. काचेआड शिव्या येथेही दिल्या जातात. फक्त मान मात्र आपोआप वळते. धाकट्याने मोटारसायकलचे आरसे शोभेसाठी काढून ठेवले आहेत, ते कृपया त्याला परत बसवायला लावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती तुम्हाला आवडेल. येथे शिकवताना एक ढोबळ सूत्र पाठ करून घेतात: वेगाला दहाने भागून तीनने गुणले की पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर मीटरमध्ये मिळते, आणि वेगाला दहाने भागून वर्ग केला की कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मिळते. ताशी 30 किलोमीटरला हे 9 अधिक 9, म्हणजे 18 मीटर होते, तर 50 ला 15 अधिक 25, म्हणजे 40. याचा अर्थ असा की 30 ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे 50 च्या गाडीचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. समृद्धीवर 120 ला हाच आकडा 180 मीटर होतो आणि 100 ला 130. नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर धरले, तर 120 ऐवजी 100 ने गेल्यास फार तर 52 मिनिटे उशीर होईल. तेवढ्यात आत्याचा चहासुद्धा होत नाही.

पुढच्या गाडीपासून जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतो, हे तुमचे म्हणणे सीताबर्डीत खरे आहे आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. महामार्गावर मात्र पुढचा ट्रक एखाद्या फलकापाशी पोहोचला की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे सावकाश म्हणावे. तिन्ही म्हणून होण्याआधी आपण त्या फलकापाशी पोहोचलो, तर पाय उचलावा. कोणी मध्ये आलाच, तर पुन्हा मोजावे. मोबाईल आईच्या हातात द्यावा, कारण 120 च्या वेगात तीन सेकंद नजर खाली गेली की 100 मीटर रस्ता न पाहता कापला जातो. आणि पहाटे तीनला निघण्याचा बेत सोडून द्यावा. तो सरळ, एकसारखा काँक्रीटचा रस्ता अर्धवट झोपेतल्या माणसाला पुन्हा झोपवतो. सहाला निघा, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा.

आता शेवटची विनंती. मागच्या सीटचे पट्टे लावणे आपल्याकडेही बंधनकारक आहे, पण आपल्या गाडीत त्यांची बकले नव्या सीट कव्हरखाली गाडली गेली आहेत; मागच्या दिवाळीत मी शोधली, तेव्हा एकाच बकलापर्यंत बोटे पोहोचली. पट्टा नसलेला मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढे बसलेल्याला चिरडतो, म्हणजे आत्याचा पट्टा आईसाठीही आहे. कव्हरला कात्रीने चिरा पाडाव्या लागल्या तरी पाडा. पुढच्या सीटचा भोंगा बंद करण्यासाठी अडकवलेली ती नुसती क्लिपही काढून टाका.

माझी परीक्षा पुन्हा पुढच्या गुरुवारी आहे. तोवर बकलांचा फोटो आईकडून पाठवावा.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुमची कन्या