काकू, एकटीने बसून खायला शिकवलंत त्याबद्दल

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिलं म्हणून तुम्ही आधी रागवाल आणि मग भाचीला परत एकदा मोठ्याने वाचायला लावाल, हे मला पक्कं माहीत आहे. गिरगावातली तुमची चाळ पुनर्विकासाला गेली, तुम्ही नाशिकला लेकीकडे गेलात आणि सामान बांधायच्या गडबडीत आभार मानायचे राहिले ते राहिलेच. मागच्या खोलीचं भाडं कमी घेतलंत, तापात पेज करून दिलीत, त्याबद्दल मी तोंडावर बोलले होते आणि तुम्ही "पुरे गं" म्हणून मला गप्प केलं होतंत. त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. या शहरात बाईमाणसाने एकटीने हॉटेलात बसून कसं खायचं, आणि मनात आलं तर बारमध्ये बसून कसं प्यायचं, हे मला तुम्ही शिकवलंत.

आमच्या सोलापूरच्या घरी हॉटेलात जायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून जायचं. ऑर्डर बाबा देणार, आई "मला वेगळं नको, तुमच्यातलंच घेईन" म्हणणार. फोर्टातल्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा संध्याकाळी भूक लागली की मी वडापाव घ्यायची आणि चालता चालता संपवायची. बसून खाल्लं तर लोक बघतील, उभ्याने खाल्लेलं कुणाच्या डोळ्यांत येत नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी कुणाला बोलले नव्हते. रोज रात्री आल्या आल्या तुमच्या बरणीतले शेंगदाणे मी फस्त करते, एवढ्यावरून तुम्ही ताडलंत.

"उद्या पहाटे उठ, मेरवानला जायचंय," म्हणालात. ग्रँट रोड स्टेशनच्या दारातलं इराणी हॉटेल बी. मेरवान, 1914 सालचं. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना पहिल्या पाळीला जाण्याआधी तिथे चहा प्यायचात, हे मला त्या दिवशी कळलं. काळ्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, एवढ्या सकाळीही पेपर पसरून बसलेले म्हातारे. मावा केक नुकते आले होते. वरचा भाग तपकिरी, थोडा फुगून चिरलेला, आणि कडेचा कागद सोलला की त्याला चिकटलेला थर नखाने काढून खायचा असतो हे तुम्ही करून दाखवलंत. वेलचीचा वास बोटांना दुपारपर्यंत होता. मग ब्रुन मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी. ब्रुनचं कवच इतकं कडक की मी ते दातांनी तोडायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात आणि तुकडा चहात बुडवलात. चहावर लोण्याचा तवंग आला. "आता खा. घाई नाही करायची. इराण्याकडे कुणी कुणाला उठवत नाही."

आणि मग तुम्ही गेलात. खरंच उठून निघून गेलात! "मला भाजी घ्यायचीय, तू चहा संपवून ये." मी लाल होऊन एकटी बसले होते. समोरच्या आजोबांनी पेपरातून मान वर केली, साखरेची वाटी मागितली आणि परत पेपरात डोकं घातलं. बस्स, एवढंच झालं.

फॅमिली रूमची गोष्ट तुम्ही नंतर कधीतरी सांगितलीत. तुमच्या तरुणपणी बऱ्याच इराण्यांकडे आणि उडप्यांकडे बायकांनी माळ्यावर किंवा फळ्यांच्या आडोशाला बसायचं; बाहेरच्या टेबलाशी बाई बसली की गल्ल्यावरचा माणूसच अस्वस्थ व्हायचा. पोऱ्या विचारायचासुद्धा नाही, थेट "फॅमिली ऊपर" म्हणून हात दाखवायचा. एक्स्चेंजमधल्या तुम्ही चौघी-पाचजणी एक दिवस ठरवून खालीच बसलात. त्यावर कुणी काही बोललं नाही, चहा मात्र उशिरा आला. हे सांगताना तुम्हाला जे हसू फुटलं होतं, त्यावरून ती गोष्ट तेव्हा किती मोठी असेल याचा मला अंदाज आला.

माझ्या वेळी आडोसे गेले होते, पण प्रश्न शिल्लक होता. एका ठिकाणी (नाव घेत नाही) वेटरने मला विचारलं, "अजून कोण येणार आहे?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने मला मोरीजवळचं टेबल दिलं, आणि मी मुकाट्याने तिथे बसून जेवले. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही निवडत असलेली मेथी खाली ठेवलीत. "पुढच्या वेळी विचारलं की सांगायचं, येणार आहे ना, जेवण येणार आहे. आणि पंख्याखालचं टेबल बोटाने दाखवायचं." हे वाक्य मी आजवर इतक्या ठिकाणी वापरलंय की त्यावर तुमचा हक्क नोंदवून ठेवायला हवा.

दादरला मात्र टेबल शेअर करायची सवय लावलीत. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, तेही शनिवारी संध्याकाळी, म्हणजे डोक्यावर माणसं उभी. अनोळखी जोडप्याच्या समोर बसायचं, त्यांच्या ताटात बघायचं नाही, चटणी पुढे सरकवायची, संपलं की उठायचं. मेरवानच्या अगदी उलट शिस्त! दादरच्याच आस्वाद हॉटेलच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हबने जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं तेव्हापासून तिथली रांग आणखी वाढली असं तुम्ही म्हणायचात. तुमचं मत ठाम होतं: मिसळ खायची तर फणसवाडीत विनय हेल्थ होमची, बक्षीस मिळो न मिळो. मी सोलापूरची असल्याने मला दोन्ही गोड लागतात, पण गिरगावकरांशी मिसळीवरून वाद घालू नये एवढं मला तुमच्याच घरात कळलं.

ब्रिटानियाला तुम्ही पगाराच्या दिवशी नेलंत. बॅलार्ड इस्टेट, 1923 साली सुरू झालेलं, आणि तेव्हा मालक बोमन कोहिनूर शेट हयात होते. नव्वदी ओलांडलेला तो माणूस टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचा आणि ब्रिटनच्या राणीकडून आलेलं पत्र दाखवायचा. राजपुत्र विल्यम आणि केट 2016 मध्ये मुंबईत आले तेव्हा ते त्यांना भेटलेही होते. बेरी पुलावातल्या त्या आंबट लाल बेरी इराणहून येतात आणि ती पाककृती त्यांच्या पत्नीने इराणमधल्या मुक्कामात उचललेली, हे तुम्ही मला जेवण येईपर्यंत सांगून टाकलंत. 2019 मध्ये ते गेले तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण कापून फ्रिजवर लावलं होतंत. राजघराण्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. "माणूस स्वतः टेबलाशी येऊन विचारायचा," एवढंच म्हणालात.

आता बारकडे वळते. इथे भाचीने आवाज जरा बारीक करावा, जावईबापू घरात असतील.

तुमच्या पर्समध्ये ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाला लागून दारूचा आजन्म परवाना असतो हे मला कळलं, तेव्हा मी अर्धा तास हसत होते. 1949 च्या दारूबंदी कायद्यातला परवाना आपल्याकडे अजून चालतो. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. प्रकृतीच्या जतनासाठी, असं त्यावर छापलेलं असतं, आणि तुम्ही ते बोट ठेवून वाचून दाखवलंत. निवृत्तीनंतर महिन्यातून एक बिअर पिणाऱ्या बाईने हजार रुपये भरून सरकारी कागद काढून ठेवला, कारण "उद्या कुणी विचारलं तर आपण चोरून बसलोय असं व्हायला नको." माझ्या ओळखीतल्या रोज पिणाऱ्या एकाही पुरुषाकडे तो कागद नाही!

कुलाब्याच्या मोंडेगारला तुम्ही व्यंगचित्रकार मारिओसाठी नेलंत. रीगल सिनेमाच्या समोरची ती जागा मला बाहेरून नुसती परदेशी पाहुण्यांची वाटायची. आत भिंतभर मारिओ मिरांडांची चित्रं: पोट सुटलेले बाप्ये, ठिपक्यांचे झगे घातलेल्या बायका, टेबलाखाली कुत्रा, कुणाच्या ग्लासात कुणाचं लक्ष. मी वेटर कधी येतोय ते बघत होते आणि तुम्ही भिंतीवरची एकेक आकृती बोटाने दाखवत होतात. गोव्यातल्या लोटलीचा हा माणूस टाइम्समध्ये आला, आणि त्याच्या व्यंगचित्रांतली सेक्रेटरी मिस फोन्सेका तुम्हा एक्स्चेंजमधल्या सगळ्याजणींना पाठ होती. साहेबांना ती आवडायची ती एका कारणासाठी आणि तुम्हाला दुसऱ्या. साहेबाचं ऑफिस खरं तर तीच चालवते असं तुमचं म्हणणं. ज्यूकबॉक्सवर कुणीतरी गोंगाटाचं गाणं लावलं, तेव्हा तुम्ही उठून गेलात, यादी चष्म्याजवळ धरून वाचलीत आणि आपलं लावून आलात. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं तुम्ही लाजाल. तुम्ही बिअरचा ग्लास किंचित वर उचललात आणि दाणे खायला लागलात.

बार स्टॉक एक्स्चेंजला मात्र मी तुम्हाला नेलं, हे मान्य करायला हवं. तिथे दारूचे भाव शेअरसारखे पडद्यावर हलतात: जिला मागणी जास्त ती महागते, कुणी विचारत नाही ती उतरते, आणि मध्येच घंटा होऊन सगळा बाजार कोसळतो. आयुष्यभर मुदत ठेव आणि भिशी यांपलीकडे न गेलेल्या तुम्ही पडद्यासमोर भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या दबा धरून बसला होतात. घंटा वाजल्याबरोबर "घे, घे, लवकर" म्हणून मला ढकललंत. गाणी फार मोठ्याने होती, चखणा सामान्य होता आणि प्रसाधनगृहाच्या दारावरच्या विनोदी चित्रांवरून आत कुणी जायचं ते कळत नव्हतं. बाहेर पडल्यावर तुम्ही निकाल दिलात: "थीम एकदा बघायला येतात, परत येतात ती चखण्यासाठी." मी त्यानंतर पाहिलेल्या झगमगीत बारपैकी बहुतेक याच कसोटीवर नापास झाले.

लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला तो उंच छताचा बार आठवतो? तिथे तुम्ही काही मागवलंच नाहीत. लालबागच्या तुमच्या आत्या गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या, ते तेव्हा बोललात. पाळी सुटली की पुरुष पंगतीला बसायचे, आत्या चुलीशी, आणि त्या स्वतः कधी जेवायच्या ते कुणाला माहीत नसायचं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्यांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातून सोडवलं. आत्या त्यात होत्या, आणि बँकेत सही करायला शिकल्या ते तिथे. या आवारात सबंध आयुष्य दुसऱ्यांना वाढण्यात गेलेल्या बाया होत्या, असं म्हणून तुम्ही गप्प झालात. मग तुम्हीच मेनूकार्ड माझ्या हातातून घेतलंत आणि माझ्यासाठी मागवलंत, तेही सगळ्यात महाग.

गेल्या महिन्यात मी वांद्र्याला टोटोज गराजमध्ये गेले. एकटी. नावाप्रमाणे गॅरेजच आहे: बारच्या डोक्यावर जुनी फोक्सवॅगन बीटल चढवून ठेवलीय आणि वाढणारी मुलं मेकॅनिकच्या डगल्यात. गर्दी इतकी की टेबल मिळणं अशक्य, म्हणून काउंटरशी उभ्या माणसांतून वाट काढत एक उंच स्टूल पटकावलं. अजून कोण येणार आहे, असं विचारलं गेलंच. तुमचं वाक्य म्हटलं. मुलगा हसला आणि मेनूकार्ड ठेवून गेला. चखणा बरा आहे, म्हणजे परत जाईन.

ऑफिसात आता चंद्रपूरची एक नवी मुलगी आलीय. संध्याकाळी चालता चालता वडापाव खाते. तिला मी येत्या शनिवारी एका इराण्याकडे घेऊन जाणार आहे, आणि भाजी घ्यायच्या निमित्ताने मध्येच उठणार आहे.

थंडीत तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे मुंबईला येणार असं भाचीने कळवलंय. माझ्याकडेच उतरायचं. ब्रिटानियाला दुपारी जेवायला जायचं, तेव्हा डॉक्टरची वेळ सकाळची घ्या, आणि दात काढायचा असेल तर जेवणानंतरची. परवाना बरोबर आणा.

तुमची,
मागच्या खोलीतली