ऐरोलीच्या ताईंस: दोन याद्या ताडून दिल्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या वाचनालयाची आणि ऐरोली शाखेची यादी ताडून सामाईक पुस्तकं काढणारा प्रोग्राम तुम्ही एक पैसा न घेता लिहून दिलात. समितीतर्फे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण कोडशेजारच्या तुमच्या टिपा इतर वाचनालयांच्याही कामाच्या आहेत.

मूळ रीत सोपी. क्रमवार लावलेल्या दोन्ही याद्यांच्या पहिल्या नोंदीवर एकेक बोट ठेवायचं. ज्या बोटाखालची नोंद लहान, ते पुढे सरकवायचं. नोंदी सारख्या निघाल्या तर उतरवून घ्यायच्या आणि दोन्ही बोटं सरकवायची. एक यादी संपली की काम संपलं. ३, ७, ७, १२, २० आणि ७, ९, १२, १२, २५ यांत अशा सात तुलनांत ७ आणि १२ मिळतात. जुळल्यावर पहिल्या यादीतलंच बोट हलवलं, तर तिथला दुसरा ७ त्याच ७ शी पुन्हा जुळतो आणि नसलेली प्रत यादीत येते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला सेट, म्हणजे प्रत्येक नोंद एकदाच ठेवणारा संच, वापरला असता तर हे एका ओळीत झालं असतं, आणि १८,००० नोंदी त्याला जड नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. पण सेट प्रती मोजत नाही. एकीकडे तीन आणि दुसरीकडे दोन प्रती असतील, तर आम्हाला उत्तर दोन हवं. सेट एकच सांगतो.

खरे आभार मात्र ‘ळ’बद्दल. मराठी शब्दकोशात ळ येतो ह नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो ल आणि व यांच्या मधे बसतो. एक यादी कोशाच्या क्रमाने ‘काव्य, काळ’ अशी लागलेली आणि दुसरी पायथॉनच्या साध्या सॉर्टने (क्रम लावण्याच्या सोयीने) ‘काळ, काव्य’ अशी. प्रोग्राम तुलना करतो युनिकोडप्रमाणे. त्याला काव्य मोठं वाटतं, म्हणून तो दुसऱ्या यादीतला ‘काळ’ सोडून पुढे जातो, ‘काव्य’ जुळवतो आणि दुसरी यादी संपल्यामुळे थांबतो. ‘काळ’ दोन्हीकडे असून गायब! एररही येत नाही, हीच खरी गोम. म्हणून ताडण्याआधी प्रत्येक नोंद मागच्या नोंदीपेक्षा लहान तर नाही ना, हे त्याच तुलनेने तपासणारी ओळ तुम्ही घातलीत. क्रम मोडला की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि नोंद दाखवतो.

‘दऱ्या’चंही तसंच. हा शब्द कुणी ऱ हे अक्षर घेऊन टाइप करतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची सोय, ही जोडी एक करत नाही. एक रूप ठरवून दुसरं बदलावंच लागतं. आणि ही साफसफाई सॉर्टच्या आधी करायची, कारण अक्षरं बदलली की क्रमही बदलतो.

दाखल क्रमांक मजकूर म्हणून लावले तर १००२ हा ९९८ च्या आधी येतो. शिवाय एका यादीत आकडे इंग्रजी, दुसरीत देवनागरी. पायथॉनचं ‘इंट’, म्हणजे मजकुराची संख्या करणारी सोय, दोन्ही वाचतं, त्यामुळे दोन्ही प्रश्न एकदमच मिटले.

देणगीत आलेल्या ६०० पुस्तकांसाठी दिलेली वेगळी वाटही उपयोगी पडेल. दोन बोटांनी १८,००० च्या यादीशी ताडायला जास्तीत जास्त १८,५९९ तुलना लागतील; बायनरी सर्चने (दर वेळी मधली नोंद पाहून निम्मी यादी गाळत) एका पुस्तकाला फार तर १५, म्हणजे ९,०००. तुम्ही त्यातही १, २, ४, ८ अशा उड्या मारत पुढे जाणारा शोध घेतलात, जो संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली आणि अँड्र्यू याओ यांनी १९७६ मध्ये मांडला. याद्या जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर मात्र दोन बोटंच बरी.

एक काम अजून बाकी आहे. लेखकांच्या आद्याक्षरांनंतर कुठे टिंब आहे, कुठे मोकळी जागा, कुठे दोन्ही नाहीत. सवडीने तेवढं पाहाल का?

आपली,
यादी समिती, नौपाडा, ठाणे