पाय धरणाऱ्या बाबांना

बाबा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर येईल आणि तो ते तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं कबूल केलंय त्याने. खेळातला डोंगर म्हणजे काय भानगड, तेही त्यालाच विचारा. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत तुमच्या ओसरीवर बसून मी सांगायचा प्रयत्न केला, पण काही जमलं नाही. तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि चहाची कपबशी पुढे सरकवलीत.

आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री माझ्या घरी जमतो. पाच जणांची सोंगं ठरलेली: कोणी तलवारबाज, कोणी मांत्रिक, एक भुरटा चोर. मी गेम मास्टर, म्हणजे आमच्या गोंधळातली निवेदक. समोर काय दिसतंय ते मी सांगायचं, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आलं, तिथून ही खूळं सुरू झाली. त्यामुळे आमचे डोंगरही अजून तिकडचेच. बर्फाचं टोक, पोटात गुहा, गुहेत ड्रॅगन, त्याच्या बुडाखाली सोनं. यंदा मला आपल्याकडचा डोंगर हवा होता. काळ्या कातळाचा, करवीत बुडालेला, आणि ज्याचं कोडं शेवटपर्यंत पुरतं सुटत नाही असा.

मदत मागायला मी आधी जाणत्यांकडे गेले होते. या खेळात वर्षानुवर्षं मुरलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, "सह्याद्रीत कसलं आलंय गूढ? वर गेलं की मॅगी मिळते." मग पैसे भरून एका ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडावर आले. आम्ही चाळीस माणसं. कोकणकड्यावर दहा मिनिटं, फोटो, शिट्टी, चला. केदारेश्वराच्या गुहेत मी लीडरला त्या उरलेल्या खांबाबद्दल विचारलं. "मॅडम, गुगल करा ना." घरी येऊन नकाशा काढला, वाटा आखल्या, भुतं पेरली. शनिवारी मंडळी त्या डोंगरावर चढली आणि अर्ध्या तासात एकाने जांभई दिली. बाबा, ती जांभई मला फार लागली.

म्हणून पुन्हा एकटीच आले आणि तुम्ही भेटलात.

तुम्ही मला एकही गोष्ट रंगवून सांगितली नाहीत. केदारेश्वरापाशी मी पाण्यात उतरले. कमरेपर्यंत गार पाणी, मध्ये ती भली मोठी पिंड, चार खांबांतले तीन तुटलेले. चौथा पडला की कलियुग संपेल म्हणतात, हे मला पाठ होतं. तुम्ही काठावर उकिडवे बसून एवढंच म्हणालात, "आम्ही त्याला हात लावत नाही." का, ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. माझ्या डोंगराचा पहिला दगड तिथे बसला.

मग कोकणकडा. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला तो कातळ, खाली धुकं. मी उभ्याने वाकायला लागले तशी तुम्ही दंडाला धरून मागे ओढलीत. "पालथ्या पडा ताई. पाय मी धरतो."

कातळ रात्रीचा गार होता. हनुवटी कडेवर टेकली, आणि माझ्या दोन्ही घोट्यांवर तुमचे हात. खरखरीत, घट्ट. मी किती वेळ पडून होते कोण जाणे. हातातलं करवीचं वाळकं पान सोडलं. ते खाली जाऊन दिसेनासं झालं आणि कोकणातून कातळाला धडकून वर उसळणाऱ्या वाऱ्याने परत येऊन माझ्या कपाळावर आपटलं. मी वेड्यासारखी हसले. तुम्ही एकदाही "झालं का?" म्हणाला नाहीत. मागे वळून पाहिलं तर तुमचं कड्याकडे लक्षच नव्हतं. तुम्ही माझ्या बुटांकडे बघत होतात.

मी विचारलं, "तुम्ही नाही बघत?"

"पोरवयात बघितलाय. आता धरणार कोण? येतो तो बघायलाच येतो."

परतीच्या एसटीत मी तोंड खिडकीकडे करून रडले. गर्दी जमवणारे, ज्ञान देणारे, शिट्टी वाजवणारे पुष्कळ भेटतात. आपण स्वतः काही न बघता दुसऱ्याचे पाय धरून बसणारं माणूस विरळा. अशा माणसांचे फोटो निघत नाहीत, कारण ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असतात.

आता आमच्या खेळात नियम असा झालाय: त्या कड्यावरून एकट्याने बघता येत नाही. एकाने पालथं पडायचं, दुसऱ्याने पाय धरायचे. धरणाऱ्याला काही दिसत नाही, आणि फासा त्यानेच टाकायचा. खाली धुक्यात इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सला याच गडावर दिसलं होतं म्हणतात, तसं. त्या गोलाच्या मधोमध ज्याला त्याला स्वतःचीच सावली दिसते, शेजारच्याची नाही. मग वर आलेला माणूस खरं सांगतोय की खोटं, ते कसं कळणार? परवा या एका प्रश्नावर आमची मंडळी पहाटे दोनपर्यंत भांडली. जांभई देणाऱ्यानेच भुरट्या चोराचे पाय धरले होते. त्याने टाकलेला फासा घरंगळत सोफ्याखाली गेला, तर कोणी श्वास सोडेना. टॉर्च लावून बघितलं. अकरा. थोडक्यात निभावलं.

ड्रॅगन घातलेला नाही. कोणी विचारलाही नाही.

चौथ्या खांबाला अजून कोणी हात लावलेला नाही. मांत्रिकाची बोटं शिवशिवताहेत.

पाऊस सरला की मी येतेय, बाबा. माझं वजन बेताचंच, म्हणून बरोबर जांभईवाल्यालाही आणते, चांगला दणकट आहे. तुम्ही पालथे पडा. एक पाय तो धरेल, एक मी.