भातशेती दाखवायची तर भातच दाखवा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत कृषी पर्यटनावर अख्खं पान आलं होतं. फोटोत स्विमिंग पूल, रेन डान्स, टायरचे झोपाळे आणि मागं कोपऱ्यात एक रंगवलेली बैलगाडी. शेत काही कुठं दिसलं नाही. तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

आम्ही पवन मावळातले, घरची भातखाचरं आहेत, पोरगी जपानला नोकरीला असते म्हणून 2023 च्या उन्हाळ्यात तिकडं जाणं झालं. टोकियो बघून झाल्यावर तिला म्हटलं आता मला एखादं भाताचं गाव दाखव, तर तिनं थेट उत्तरेला आओमोरी जिल्ह्यात नेलं. बुलेट ट्रेननं साधारण सव्वातीन तास, मग हिरोसाकी नावाचं शहर, आणि तिथून कोनान रेल्वेची दोन डब्यांची गाडी, जी टोकियोकडं वापरून झालेले जुने डबे घेऊन अजून चालवतात. दोन्ही बाजूला भात आणि सफरचंदाच्या बागा. आपल्याकडं हातगाडीवर फुजी म्हणून जे सफरचंद मिळतं ते मूळचं याच भागातलं, शेजारच्या फुजिसाकी गावातल्या संशोधन केंद्रात तयार झालेलं. आम्ही गेलो त्या गावाचं नाव इनाकादाते. वस्ती सात-साडेसात हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी.

या गावाकडं ना समुद्र, ना गरम पाण्याचे झरे, ना मोठं देऊळ. होतं ते भात. 1993 ला गावच्या ऑफिसनं ठरवलं की वेगवेगळ्या रंगाच्या पानांचं भात लावून शेतात चित्र काढायचं, पहिल्या वर्षी तीनच रंग होते आणि चित्र समोर दिसणाऱ्या इवाकी डोंगराचं. आता सात रंग असतात, सगळे भाताच्या पानांचे, रंग मारलेला अजिबात नाही. हिरवं म्हणजे त्यांचं नेहमीचं खायचं भात, त्सुगारू रोमान नावाचं, बाकी पिवळं, काळपट जांभळं, पांढरट, लाल अशी जुनी आणि शोभेची वाणं.

मला सगळ्यात भारी वाटली ती आखणी. 2003 मध्ये त्यांनी मोनालिसा काढली होती आणि गावच्या ऑफिसच्या मनोऱ्यावरून बघितली तर बाई खालून भलतीच जाड दिसायला लागली, कारण जवळचा भाग मोठा दिसतो आणि लांबचा बारीक. मग त्यांनी डोकं चालवलं. वरून तिरकं बघितल्यावर बरोबर दिसावं म्हणून चित्र आधीच ताणून घ्यायचं, कॉम्प्युटरवर हजारो बिंदू काढायचे, सर्व्हेवाले येऊन शेतात खुणा रोवतात, आणि मे अखेर-जूनच्या सुरुवातीला हजारभर माणसं बाहेरून येऊन हातानं लावणी करतात. म्हणजे लावणीला मजूर मिळत नाही म्हणून आपण रडतो आणि तिथं लोक हौसेनं येऊन चिखलात उतरतात, फुकट!

आम्ही गेलो तेव्हा एका खाचरात प्रसिद्ध डच चित्रातली ती कानात मोती घातलेली मुलगी होती आणि बाजूला मुनाकाता शिको यांचं चित्र, ते आओमोरीचेच, लाकडी ठशांची चित्रं करायचे, 1956 ला व्हेनिसला मोठं बक्षीस मिळालं त्यांना. गावच्या ऑफिसची इमारतच किल्ल्यासारखी बांधलीय, तिच्यावर जाऊन बघायचं, तिकीट तेव्हा 300 येन होतं, आपले पावणेदोनशे रुपये. खाली आल्यावर बांधाशी गेलो तर काहीच कळेना, नुसती रोपं, एक ओळ जांभळी एक ओळ हिरवी, बांधावरून बघणाऱ्याला चित्र आहे हेसुद्धा समजू नये. आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पर्यटकाला शेतात पाय ठेवायची गरजच नाही, उलट लांब आणि उंच उभं राहिलं तरच दिसतं. आमच्याकडं पावसाळ्यात शनिवार-रविवार काय होतं ते मावळातल्या कुणालाही विचारा. धबधब्याला आलेली गर्दी बांध तुडवत जाते, खाचरात बाटल्या, नुकत्या लावलेल्या रोपांत उभं राहून रील, आणि शेतकऱ्याच्या हातात काय तर पार्किंगचे पन्नास रुपये, तेही मिळाले तर. तिथं एका हंगामात तीन लाखांवर माणसं आल्याचं सांगतात आणि बांध जसेच्या तसे.

सगळं आलबेल आहे असं नाही. जपानी शेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीच्या घरात गेलंय, पोरं शहरात, शेतं पडीक पडतायत. भात जास्त पिकू नये म्हणून सरकारनं 1970 पासून 2018 पर्यंत लागवड कमी करायची योजना चालवली, आणि 2025 मध्ये तांदूळच कमी पडून 5 किलोची पिशवी 4000 येनच्या वर गेली, वर्षात जवळपास दुप्पट. चित्रानं हे काही सुटत नाही. आणि भांडणं तिथंही होतात बरं का, 2008 ला चित्राखाली कंपन्यांच्या जाहिरातीसुद्धा भातानंच उगवायला घेतल्या होत्या, जमीनमालकानं हरकत घेतली आणि शेवटी ती रोपं उपटावी लागली. आपल्याकडं असतं तर चित्र बाजूला राहून वाढदिवसाचे शुभेच्छुक उगवले असते.

कुणी म्हणेल हे जपानला जमतं, आपल्याला नाही. तर जमलंय. सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात वनस्पती अभ्यासक श्रीकांत इंगळहळीकरांनी 2016 पासून जांभळ्या पानांचं भात वापरून अशी चित्रं काढलीत, पहिला गणपती होता. निलंग्यालाही शेतात शिवाजी महाराजांची भव्य प्रतिमा उगवली होती. पण हे सगळं कुणाकुणाच्या हौसेवर. इनाकादातेला काम गावाचं आहे, दरवर्षी आहे, तिकिटाचा पैसा गावाकडं येतो, रेल्वेनं 2013 ला या शेतांसाठी वेगळं स्टेशन काढलं. आपल्या राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, त्यात खोल्या किती, जेवण काय याचा विचार आहे, पिकाचं काय?

आणि मनोरा बांधायलासुद्धा आपल्याला खर्च नाही. तिकोना, लोहगड, घाटातली वळणं, पायथ्याला भाताची खाचरं पसरलेलीच आहेत. एखाद्या ग्रामपंचायतीनं दोन-चार शेतकऱ्यांची जमीन एका हंगामासाठी ठरवून घ्यावी, त्यांना उत्पन्नाची हमी द्यावी, आखणीला इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आणि चित्राला गावच्या शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर. कृषी विद्यापीठांकडं रंगीत पानांची वाणं असतील तर त्यांनी बियाणं द्यावं.

एक विनंती तुम्हालाही. हे छापायचं असेल तर मे महिन्यात छापा. भाताचं रोप टाकायच्या आधी गावानं ठरवलं तरच काही होईल, जुलैत छापलंत तर लावणी सुरू झालेली असते आणि मग पान भजी गुंडाळायला जाईल.

आपला,
पवन मावळातला एक भात-उत्पादक वाचक